पहिल्या दिवसाचा चीक

रत्ना गेल्याचं मला सुमनताईंनी सांगितलं. शाळेची प्रार्थना नुकतीच संपली होती, मुलं वर्गात शिरत होती. दासगावजवळच्या वाडीत डुकरं पाळणाऱ्या सुमनताई एरवी फोनवर ओरडूनच बोलतात. त्या दिवशी त्यांचं बोलणं ऐकायला फोन कानाशी दाबावा लागला. “बाई, डाक्टरीण गेली ओ...” एवढंच म्हणाल्या. मी हजेरीपट उघडला, नावं घ्यायला लागले. कितव्या नावाला थांबले, आठवत नाही.

रत्ना आणि मी महाडच्या एकाच शाळेत, एका बाकावर. मी शिक्षिका झाले, ती जनावरांची डॉक्टर. पुढे डुकराच्या पिल्लांच्या आतड्यावर तिनं संशोधन केलं. माणसाच्या बाळाला पोटात असतानाच आईकडून रोगाशी लढायची थोडी ताकद मिळते, डुकराच्या पिल्लाला तीही मिळत नाही, हे मला तिनंच सांगितलं. पहिल्या दिवशी आईच्या चिकातून ती ताकद आतड्यावाटे रक्तात जाते. दिवस उलटला की ती वाट बंद होते. तीन-चार आठवड्यांनी आईकडून मिळालेलं सरत येतं आणि पिल्लाच्या आतड्याचं स्वतःचं बळ अजून पुरतं उभं राहिलेलं नसतं. “आणि मीने, नेमकं तेव्हाच माणसं त्याला आईपासून तोडतात,” ती म्हणायची. हे शोधायला मात्र वेगवेगळ्या वयाची पिल्लं मारून त्यांची आतडी तपासावी लागत. मारायच्या आधी ती प्रत्येक पिल्लाला थोडा वेळ मांडीवर घेऊन बसे. “त्याला काय फरक पडतो?” मी एकदा विचारलं. “काहीच नाही,” ती म्हणाली.

तिच्या आईला, आमच्या मावशीला, हे काम कधीच रुचलं नाही. “डुकरांवरनं आपल्या माणसांनी किती ऐकून घेतलंय, तुला ठाव हाय? शिकलीस ती परत तिथंच जायला?” मावशी माझ्यासमोर म्हणाल्या होत्या. रत्नानं काम सोडलं नाही. संशोधन संपवून ती आईसाठी महाडला परतली, वरंधपासून पोलादपूरपर्यंत गावोगाव जनावरं बघायला लागली. पण गोठ्यावरून आली की मागच्या दारी अंघोळ केल्याशिवाय मावशी तिला घरात घेत नसत.

सुमनताईंची पिल्लं दर वेताला आईपासून तोडली की हगवणीनं मरत. रत्नानं त्यांना थांबायला शिकवलं, पिल्लांना आईजवळ असतानाच हळूहळू खाणं द्यायला शिकवलं. पिल्लं जगायला लागली. एकदा मुंबईला मुलाकडे जायच्या घाईत सुमनताईंनी तीन आठवड्यांतच पिल्लं वेगळी केली. एकही वाचलं नाही. रत्ना आली, खड्डा खणायला फावडं घेऊन उभी राहिली.

यंदा जुलैत सावित्री नदीच्या पुराचं पाणी वाडीत शिरलं त्या सकाळी सुमनताईंची डुकरीण व्याली होती. तिला शेजारच्या उंच ओट्यावर चढवलं, पिल्लं खालीच राहिली. रत्ना कमरेएवढ्या पाण्यातून फेऱ्या मारत एकेक पिल्लू वर आणत राहिली. “मी म्हटलं, ऱ्हाऊ दे गो, मरतील ती,” सुमनताई सांगतात, “तर म्हणते, आजच चीक मिळाया हवा, उद्या उपेग नाय.” गारठलेली पिल्लं आचळ ओढत नव्हती. तिनं डुकरिणीचा चीक वाटीत पिळला आणि ड्रॉपरनं एकेकाच्या तोंडात घातला. तिच्या टाचांना भेगा होत्या. तशीच ती दिवसभर त्या पाण्यात होती.

आठवड्यानं तिला ताप आला. तिनं मला फोन केला, “पोटऱ्या फार दुखताहेत गं.” मी म्हटलं, “इतकी वणवण केलीस, दुखणारच. झोप जरा.” ती झोपली... दोन दिवस. तिचे डोळे पिवळे झाल्यावर मावशींनी शेजाऱ्यांना हाका मारून तिला दवाखान्यात नेलं. लेप्टो होता, पुराच्या घाण पाण्यातून भेगांवाटे शिरणारा; मूत्रपिंडं थांबली होती. जनावरांच्या डॉक्टरला हे कळलं कसं नाही, असं लोक विचारतात. मी विचारते, तिनं मला फोन का केला होता? कुणीतरी ‘दवाखान्यात चल’ म्हणावं, म्हणूनच ना?

परवा मावशींकडे गेले. रत्नाच्या खोलीत, खिडकीपाशी, तिच्या सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्यांची पेटी उघडी होती. मावशी रोज त्या पट्ट्या मऊ फडक्यानं पुसतात. एक त्यांनी उजेडात धरली. काचेवर नखाएवढा गुलाबी डाग.

“हे काय हाय?”

“पिल्लाचं आतडं, मावशी. पातळ कापून रंगवलेलं.”

मावशींनी ती पट्टी पुन्हा एकदा पुसली.

“आणि ती पुरातली? जगली का?”

“सात जगली. सुमनताईंकडे आहेत. अजून आईजवळच.”

त्यांनी पट्टी जागेवर ठेवली, दुसरी घेतली.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “सांग सुमनला, तोडू नको म्हणावं इतक्यात.”