राजा आधी, तिर्री नंतर

किनुयो मुरासे ताकामात्सुच्या बाजारगल्लीत इस्त्रीचं दुकान चालवते. हात शर्टावर आणि डोकं आकड्यांत, अशी बाई! हे वेड तिला लावलं म्हाताऱ्या ओगुशी मासळीवाल्यांनी. पत्ते शेजारी शेजारी मांडून संख्या करायची. तिला एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जाता कामा नये. अशी मूळ संख्या लावत ज्याचा हात आधी रिकामा होईल तो जिंकला. ओगुशी आता कायमचे मुलीकडे साप्पोरोला निघाले होते, आणि इतक्या वर्षांत किनुयोने त्यांना एकदाही हरवलं नव्हतं. आज नाही तर कधीच नाही.

कॉफीच्या दुकानातला शेवटचा डाव रंगात आला. ओगुशींच्या हातात एकच पत्ता. उतारी किनुयोची, आणि तिच्याकडे सत्ती, दोन नव्व्या, तीन तिर्ऱ्या आणि तेराचा राजा. गेल्या हिवाळ्यात हेच पत्ते आले होते! तेव्हा मोठ्या संख्येच्या हावेने बाईसाहेबांनी राजा शेवटी बसवला: ७३९३९३१३. साताने सरळ भाग गेला. सगळे पत्ते परत उचलले, वर दंडाचे तेवढेच. पुढे कित्येक दिवस ती गिऱ्हाइकांच्या कॉलरी करपवत होती.

“काय गं, पुन्हा राजाला शेवटी बसवतेस का?” ओगुशींनी टोमणा मारला.

हातच रिकामा करायचा तर मोठी संख्या हवी कशाला? किनुयोने पत्ते मांडले. राजा आधी, तिर्री नंतर. ७३९३९१३३. दुकानाच्या मालकीणबाईंनी फोनवर आकडे टाकले.

“मूळ,” बाई म्हणाल्या.

पंचावन्नाव्या वर्षी किनुयो चक्क टुणकन उडाली! ओगुशींचा विश्वास बसेना. त्यांनी शेवटची तिर्री उचलली.

“आता?”

“तरी मूळच,” किनुयो म्हणाली. “शेवटचा पत्ता काढत जा, काही बिघडत नाही संख्येचं.”

त्यांनी राजा उचलला. मग नव्वी, मग तिर्री, असा शेवटून एकेक पत्ता. बाई तपासत गेल्या, आणि दर वेळी मूळच! म्हातारा हरलेला डाव विसरून हरखून गेला. टेबलावर एकटी सत्ती उरली.

किनुयोने ती त्यांच्या कोटाच्या खिशात घातली.

“ही न्या. गड्डीत आता एक पत्ता कमी. परतफेड करायची असेल तर घेऊन यावंच लागेल तुम्हाला.”

ओगुशींनी खिशावर हात ठेवला.

“येतो,” ते म्हणाले. “तोवर कॉलरी करपवू नकोस.”