भंडाऱ्याची आण

इंग्लंडात लीड्सला मुलाकडे निघायच्या आधी ह्यांनी मला भंडारा उचलायला लावला. हृदयाचं दुखणं जुनं, म्हणून विमा कंपनीनं नेमकं तेवढंच वगळलं होतं. "तिकडे मला काही झालं तर समीरला सांगायचं नाही, कुणालाच सांगायचं नाही. माझ्या आजारपणाचा खर्च पोराच्या डोक्यावर नको, आणि जिथे मी कधी टॅक्स भरला नाही तिथलं फुकटचंही नको. घे खंडोबाची शपथ." काय माणूस हो! मी चिडले, रडलेसुद्धा. पण शेवटी भंडारा मुठीत धरून हो म्हटलं.

आणि व्हायचं तेच झालं. एका दुपारी मुलगा-सून कामावर, घरात आम्ही दोघंच. हे सोफ्यावर छाती चोळत बसलेले, चेहरा पांढराफटक. "पित्त आहे," म्हणाले. मेलं पित्त! बाहेर बर्फ, आणि ह्यांचा बनियन घामानं चिंब. मी फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. शपथ मोडली आणि हे गेले, तर माझ्यामुळे गेले असं जन्मभर वाटणार. नाही मोडली तर डोळ्यांदेखत जाणार. अशी कोंडी वैऱ्यावरही येऊ नये. "मल्हारी, तूच सोडव आता," एवढंच म्हटलं. खरं सांगते, त्यात भक्ती नव्हती, देवावरचा रागच होता.

तेवढ्यात बेल वाजली. शेजारची गोरी म्हातारी. पोस्टमन आमचं पार्सल तिच्याकडे ठेवून गेला होता, ते द्यायला आली होती. एरवी हॅलोपलीकडे आमचं बोलणं नाही. मी दार धरून उभी. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आत ह्यांच्याकडे पाहिलं, पार्सल खाली टाकलं आणि सरळ घरात शिरून आमच्याच फोनवरून अँब्युलन्स बोलावली. मी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

अँब्युलन्समधल्या मुलीनं गोळी पुढे केली. "हाऊ मच?" ह्यांनी किंमत विचारली. तिला वाटलं, किती घ्यायच्या ते विचारतायत. "जस्ट द वन, लव्ह. चावून खा," अशा अर्थाचं काहीतरी ती हसून म्हणाली; तिकडे कुणालाही 'लव्ह' म्हणतात. हे तिच्याकडे बघत राहिले. मग डाव्या हातावर उजवा हात ठेवून, तीर्थ घ्यावं तशी त्यांनी ती गोळी घेतली. जन्मात कुणाचा फुकट चहा न प्यायलेला माणूस! मला हुंदका आवरेना.

त्याच आठवड्यात हे गेले. देवानं वाचवलं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? पण दुखणं लपवत, एकटे गेले नाहीत. समीरचा हात हातात होता. देव देतो ते कुणाच्या तरी हातून देतो, आणि तेव्हा आपण हात मागे घेऊ नये, एवढं मला कळलं.

अँब्युलन्स फुकट होती, पण परदेशी पाहुण्यांना वॉर्डचे पैसे पडतात; ते बिल आलं तेव्हा मी बांगड्या काढून समीरपुढे ठेवल्या.

"आई, बाबांनी माझ्याकडून साधी चप्पलसुद्धा कधी घेतली नाही," तो म्हणाला. "पहिल्यांदाच त्यांच्यासाठी काही करतोय. तू मध्ये येऊ नकोस." आणि एवढा मोठा बाप्या माणूस, ओक्साबोक्शी रडला. मी त्याला जवळ घेतलं आणि मनोमन देवाला हात जोडले.