माहितीपत्रकाचं शेवटचं पान

“खुर्ची रिकामी होती, तेवढी मी भरली,” असं मेट्रनबाई आपल्या संचालकपदाबद्दल एकदा म्हणाल्या होत्या, आणि स्वतःच हसल्या होत्या.

त्यात खोटं काही नव्हतं. भाच्याच्या कंपनीला लोकांना शेअर्स विकायचे होते, आणि संचालक मंडळात एक तरी बाई हवी असा नियम. भाच्याने घरातच नजर फिरवली. अंथरुणाला खिळलेल्या त्याच्या आईला भरवणारी, मागच्या खोलीत राहणारी, लग्नाच्या भानगडीत न पडलेली मावशी आयतीच सापडली. घर म्हणायला बहिणीचं, कागदोपत्री भाच्याचं. कंपनी जखमेवर बांधायचं निर्जंतुक गॉज बनवायची. शेअर विक्रीआधी लोकांसमोर ठेवलेल्या कच्च्या माहितीपत्रकात पांढऱ्या टोपीतला मेट्रनबाईंचा फोटो शोभून दिसला. तो पाहून त्यांच्या हाताखालच्या जुन्या नर्सेसनी निवृत्तीचे पैसे शेअर्ससाठी बाजूला काढले. बाई आहेत ना तिथे, मग झालं तर.

त्यातलीच एक फोनवर बोलता बोलता सांगून गेली, की तुमच्याच गॉजच्या एका खेपेनंतर वॉर्डात जखमा चिघळल्या, दोघं दगावले, नातेवाईक कोर्टात गेलेत. पण माहितीपत्रकात तसं काही नाही, म्हणजे मिटलं असेल, असंही तीच म्हणाली.

मेट्रनबाई कारखान्यात गेल्या. गॉज निर्जंतुक करायच्या यंत्राचं दार सताड उघडं होतं. आत हात घातला तर गार. दुरुस्तीला आहे, कामगार म्हणाला. कधीपासून ते त्याला आठवेना. पलीकडे पाकिटांवर ‘निर्जंतुक’चे शिक्के धडाधड पडत होते.

घरी येऊन त्यांनी माहितीपत्रक पालथं घातलं. धोक्यांच्या प्रकरणात कापसाचे भाव होते, संप होता, पूर होता, शेजारच्या देशातलं युद्धसुद्धा होतं. यंत्र नव्हतं आणि कोर्टही नव्हतं. कंपनी सेक्रेटरी म्हणजे भाच्याहून लहान मुलगी. तिला विचारलं तर ती टेबलाकडे बघत म्हणाली, की अगदी पहिल्या मसुद्यात होतं, पण वकिलांच्या बैठकीत गळलं. नफ्याच्या मानाने दावा किरकोळ ठरला.

अंतिम माहितीपत्रकावरच्या सह्यांच्या दिवशी लांब टेबलाभोवती सगळे जमले. यातलं सगळं खरं आहे, काही लपवलेलं नाही, असं शेवटच्या पानावर छापलेलं होतं आणि खाली प्रत्येक संचालकाने सही करायची होती. पान हातोहात सरकत मेट्रनबाईंपाशी आलं आणि तिथेच अडलं. विक्रीचं काम पाहणाऱ्या बँकेच्या माणसाने घसा खाकरला. “मॅडम, इंजेक्शन नाहीये, सहीच आहे.”

“ते दोघं कुठल्या पानावर आहेत?” मेट्रनबाईंनी विचारलं.

भाच्याने खुर्ची जवळ ओढली. “मावशी, सही जमत नसेल तर हे घे.” त्याने फाइलमधून टाइप केलेला राजीनामा काढला. कारण, प्रकृती अस्वास्थ्य. “मला दुसरी बाई मिळेल. आईसाठी नर्सही मिळेल. तू तुझं बघ.”

बहीण दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नसे; ओठ गच्च मिटून भिंतीकडे तोंड करायची. भाच्याला हे ठाऊक होतं. म्हणूनच तो इतक्या हळू बोलला होता.

मेट्रनबाईंनी राजीनामा पुढे ओढला. छापील कारणावर रेघ मारली आणि खाली टपोऱ्या अक्षरांत लिहिलं: निर्जंतुक करायचं यंत्र बंद आहे, दोन माणसं मेली आहेत, कोर्टात दावा आहे, माहितीपत्रकात यातलं काही नाही. सही केली. भाच्याचा हात पुढे येण्याआधी कागद बँकेच्या माणसाकडे सरकवला.

त्याने वाचला आणि चष्मा काढला. “हे डोळ्यांखालून गेलं नसतं तर बरं होतं, साहेब. बँकेतर्फे माझीही सही लागते; ती सांभाळायची तर आता विक्री थांबवावी लागेल.”

सेक्रेटरीने न सांगताच कागद घेतला आणि त्यावर आवक नोंदीचा शिक्का मारला. कागद कंपनीच्या दप्तरी लागला.

भाचा पांढराफटक पडला होता. “घरी येऊ नकोस,” तो म्हणाला. “सामान रखवालदाराकडे ठेवतो. आईला सांगेन, तू तिला टाकून गेलीस.”

मेट्रनबाईंनी पेनाचं टोपण लावलं, खुर्ची नीट आत सरकवली आणि त्या दाराबाहेर पडल्या.