टोपेबाईंचे स्वतःचे केस

टोपे हे त्यांचं खरं आडनाव नव्हतंच. आमच्या नाटक कंपनीत त्या टोप बनवायच्या, म्हणजे नटनट्यांच्या डोक्यावर चढवायचे खोटे केस, म्हणून टोपेबाई. त्यांचा नवरा किल्ल्या बनवायचा. आमचे लोक त्यालाही रस्त्यात हाक मारायचे, "काय टोपे, बरं आहे ना?" आणि तो सज्जन माणूस मान डोलावून "बरं आहे" म्हणायचा!

त्यांची खोली रंगमंचाच्या मागे, जिना चढून डाव्या हाताला. आत शिरलं की आधी डिंकाचा वास, मग किटलीची वाफ, आणि मग हमखास दचकायला व्हायचं, कारण फळीवर लाकडी डोकी, म्हणजे टोपांचे ठोकळे, ओळीनं मांडलेली. प्रत्येकावर कुणाचे तरी केस. मधोमध टोपेबाई, हातात बारीक आकडी. जाळीच्या एकेका भोकातून एकेक केस ओढून गाठ मारायच्या. मी रंगमंचावरून निवृत्त झाले, पण दुपारच्या चहाला तिथंच जाऊन बसायची. सवय जाते होय!

सगळ्या कंपनीला केस पुरवणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र कायम रुमाल. कपाळापासून मानेपर्यंत घट्ट. विचारलं तर म्हणायच्या, "माझे केस कामात पडतात, ताई." आम्हाला ते पटायचं.

खरी गोष्ट वेगळी होती. टोपेबाईंचे केस कुरळे. साधे कुरळे नव्हेत, चांगले दाट, उभे राहणारे, कंगव्याचे दात मोडणारे. लहानपणी त्यांच्या आईनं ते तेलानं चोपून, ओढून, इस्त्रीनं दाबून सरळ करायचा चंग बांधला. "झिपरी म्हणतील लोक," आई म्हणायची. लग्नाच्या फोटोत केस कसे, तर डोक्याला खळ लावून चिकटवल्यासारखे. पुढं इस्त्री त्यांनी स्वतःच हाती घेतली. ओढून ओढून कानशिलाजवळचे केस विरळ झाले, तेव्हा ती बंद करून रुमाल आला.

आणि आम्ही नाटकवाले काही कमी नव्हतो हं! टोपांच्या कपाटात वरच्या फळीवर चिठ्ठी, 'राण्या, प्रेयस्या, सुना'. तिथं सगळे सरळ, रेशमी. कुरळे टोप सगळ्यात खाली, आणि तिथं चिठ्ठी, 'चेटकिणी, वेड्या, भांडखोर शेजारणी'. ते कपाट टोपेबाई रोज उघडायच्या.

त्या वर्षी कंपनीनं ठरवलं, नव्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाआधी पडद्यामागच्या एका माणसाचा रंगमंचावर सत्कार करायचा. नाव निघालं टोपेबाईंचं! मी आनंदानं जिना धावत चढले. या वयात धावत म्हणजे कठडा धरून, पण धावतच!

"टोपेबाई, रंगमंचावर जायचंय तुम्हाला! प्रेक्षकांसमोर!"

त्यांच्या हातातली आकडी थांबली. "पडद्याआड द्या म्हणावं. घेते मी."

"अहो, सत्कार आहे तो, चोरीचा माल नाही!"

त्या हसल्या, पण हात रुमालाकडे गेला. दुसऱ्या दिवसापासून एका ठोकळ्यावर नवा टोप दिसू लागला. सरळ, काळाभोर, खांद्यापर्यंत. इतकं नाजूक काम मी त्यांच्याही हातून पाहिलं नव्हतं.

"हा कुणासाठी?"

"आहे एक बाई."

"भूमिका?"

"सत्कारमूर्ती," त्या म्हणाल्या आणि किटली उगाचच खाली-वर करू लागल्या.

आयुष्यभर दुसऱ्यांना केस दिलेली ही बाई स्वतःच्या आनंदाच्या दिवशी खोट्या केसांत लपून उभी राहणार होती! त्यांची मुलगी तिथंच बसली होती. डोक्यावर आईसारखंच रान, पण मोकळं सोडलेलं. ती म्हणाली, "आई, तू हे घालून गेलीस ना, तर मी टाळ्या वाजवणार नाही. मी त्या बाईला ओळखत नाही."

"तू आधी त्या झिपऱ्या आवर," टोपेबाई म्हणाल्या. पण टोप काही त्यांनी ठोकळ्यावरून काढला नाही.

आता ऐका गंमत. नव्या नाटकातली राणी तुरुंग फोडून बाहेर पडते. तिच्यासाठी दिग्दर्शकाला टोप पसंत पडेना. हा आमचा दिग्दर्शक म्हणजे वावटळ. चष्मा कपाळावर, आणि शोधायचा खिशात. टोपेबाईंनी वरच्या फळीवरचे सगळे टोप दाखवले. तो ओरडला, "अहो, ही राणी तुरुंगातून पळालीय, शाम्पूच्या जाहिरातीतून नाही!"

त्याच दुपारी फळीवरची डिंकाची वाटी कलंडली ती थेट टोपेबाईंच्या डोक्यावर. रुमाल गेला, केस चिकटले. मी त्यांना नळाखाली वाकवलं, गरम पाणी ओतलं, आणि मग त्या खिडकीशी, दाराकडे पाठ करून, बुटक्या स्टुलावर केस वाळवत बसल्या. डोकं नेमकं फळीवरच्या ठोकळ्यांच्या रांगेत!

केस वाळत गेले तसे उठत गेले. काय सांगू! मघाशी चार दोऱ्यांएवढे दिसत होते, बघता बघता खांदे झाकले, कान गायब, खिडकीतलं ऊन त्यांत अडकून तांबूस झालं. एवढं सगळं त्या रुमालाखाली मावत होतं तरी कसं?

दार धाडकन उघडलं. दिग्दर्शक आत. चष्मा अर्थातच कपाळावर.

"हा! हाच! इतके दिवस लपवून ठेवला होतात?" असं म्हणत त्यानं दोन्ही हातांनी तो 'टोप' उचलला.

"आई गं!"

"चिकटवलाय कशाला ठोकळ्याला?" म्हणत त्यानं आणखी जोर लावला.

"अरे मेल्या, ठोकळा तू! सोड त्यांचे केस!" मी किंचाळले.

टोपेबाई वळल्या. दिग्दर्शकाचा चष्मा खाली घसरला आणि नेमका नाकावर बसला. त्यानं त्यांच्याकडं पाहिलं. माफी मागायची सोडून तो त्यांच्याभोवती गोल फिरला आणि म्हणाला, "मला राणीसाठी हेच पाहिजेत. अगदी असेच. एक केस इकडचा तिकडं नको."

"राणीसाठी?" टोपेबाईंनी दोनदा विचारलं. "चेटकिणीसाठी नाही?"

"राणीसाठी!"

आता टोपेबाईंच्या कामाची एक पद्धत होती. कुणाच्या केसांसारखा टोप करायचा असेल, तर आधी ते डोकं हातानं नीट पाहायचं, केस कुठून उगवतो, कुठं वळतो, कुठं झोपतो. कितीतरी डोकी अशी पाहिली होती. स्वतःचं कधीच नाही. पद्धत मोडणं त्यांना जमणार नव्हतं, तेव्हा पुढं एक आरसा, मागं एक, आणि मधे त्या. मी चहा पीत साक्षीदार.

"ताई, हे कपाळाजवळचे सैल आहेत," त्या म्हणाल्या. "पेन्सिलीवर गुंडाळावे लागतील." मग, "कानामागचे घट्ट. विणायची सुई लागेल." मग मानेवर बोट फिरवत थबकल्या. "आणि हे बघा. हे तर छत्रीच्या काडीवर! एकाच डोक्यावर तीन तऱ्हा! मला ठाऊकच नव्हतं."

त्यांचा आवाज चढत गेला. जाळीत गाठी मारलेले केस पेन्सिलींवर, सुयांवर, मोडक्या छत्रीच्या काड्यांवर गुंडाळून वाफेवर धरले जात होते, आणि बाई गुणगुणत होत्या! टोप तयार झाला तेव्हा मी अंगभर शहारले. पण शेजारच्या ठोकळ्यावर तो सरळ टोपही तयारच होता.

प्रयोगाचा दिवस उजाडला. थिएटर भरलेलं. मी विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या पडद्याआड, पुष्पगुच्छ घेऊन उभी, आणि जिन्यावरून टोपेबाई आल्या. नवी साडी, आणि डोक्यावर सरळ, काळाभोर, खांद्यापर्यंत. शहाण्यासारख्या दिसत होत्या हो. पण कुणासारख्याही दिसत होत्या.

"जमेल ना, ताई?" त्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत पलीकडून राणी आली. राणीचं काम करणारी आमची नायिका, कोवळी पोर, स्वतःचे केस सुतासारखे सरळ. डोक्यावर टोपेबाईंनी केलेलं ते वादळ. तिनं टोपेबाईंना पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"अहो मावशी, हे काय? मी तुमचे केस घालून उभी आणि तुम्ही माझे?"

बाहेर निवेदक म्हणत होता, "आणि आता ज्यांना आपण कधीच पाहिलं नाही..."

टोपेबाई खुदकन हसल्या. मग जोरात. मग कानामागच्या पिना स्वतःच उपसायला लागल्या. "धरा हो ताई! लवकर!"

टोप राणीच्या हातात, पुष्पगुच्छ माझ्या काखेत. खाली केस बारीक वेण्या घालून चापून बसवलेले. मी डावीकडून, राणी उजवीकडून, वेण्या सोडत सुटलो. बाहेर त्यांचं नाव पुकारलं. खरं आडनाव! आम्हाला कळेचना कुणाला बोलावतायत.

"अहो, मीच ती!" टोपेबाई म्हणाल्या, डोकं एकदा जोरात झटकलं आणि निघाल्या.

मी आयुष्यभर रंगमंचावर प्रवेश केले, पण असा प्रवेश माझा एकही झाला नाही. दिव्याखाली ते केस चहूबाजूंनी उजळले. कानशिलाजवळचा विरळपणाही दिसत होता, लपवायला वेळच कुठं होता! तोच मागच्या रांगेतून मुलीची सणसणीत शिट्टी आणि "आई!" अशी आरोळी. पाठोपाठ टाळ्या. किल्लीवाला नवरा खुर्चीवर उभा राहिला होता असं ऐकते.

परत आल्या तेव्हा श्वास लागला होता, डोळे चमकत होते. मला वाटलं, आता रडतील. छे! त्यांनी राणीला दिव्याखाली ओढलं.

"अगं, तुझा टोप डावीकडं सरकलाय. उभी राहा नीट." दातांत पिना धरून त्यांनी तो बसवला, एक बट कपाळावर ओढली, आणि स्वतःच्या केसांत पाची बोटं खुपसून माझ्याकडं वळल्या.

"माझे बघा, ताई. जरा हलले नाहीत!"

तो सरळ टोप पुढं कपाटात गेला. टोपेबाईंनी चिठ्ठ्या त्याच आठवड्यात फाडल्या होत्या, त्यामुळं तो कुठल्या फळीवर ठेवायचा हा प्रश्नच उरला नाही. पुढच्या नाटकात तो भांडखोर शेजारणीनं घातला. छान शोभला तिला.