सिद्धनाथच्या दारावरची थाप

ताम्हिणी घाटातल्या एका वळणावर सिद्धनाथचा ढाबा आहे. बापाची मेंढरं विकून त्याने तो टाकला आणि बायको पल्लवीसोबत पिठलं-भाकरी विकू लागला. माणूस शांत. दोन पावसाळ्यांपूर्वी एका दुपारी दाट धुकं होतं, वारा सुटला होता. दारावर थाप पडली; पत्रा वाजतोय असं त्याला वाटलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं, तर उंबऱ्याशी एक माणूस मरून पडलेला. त्याची गाडी दरीत गेली होती. तो एकटाच वर चढून आला होता.

तेव्हापासून कसलीही टकटक झाली की सिद्धनाथचा तोल जायचा. एका गिऱ्हाइकाने टेबलावर ग्लास वाजवला, तर याने उलथनं फेकून त्याचं कपाळ फोडलं आणि मग मोरीशी बसून रडला. धुकं पडलं की दारावर थाप ऐकू येते, म्हणायचा.

पल्लवीने त्याला पुण्याला नेलं. तिथे डॉक्टर नलिनी नवी पद्धत करून पाहत होत्या. डोक्याला चुंबकाचं यंत्र टेकवायचं, ते मेंदूला बारीक ठोके देतं. त्याच वेळी तो प्रसंग आठवून मन आवरायला शिकायचं. गुण येईलच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. यंत्र पहिल्यांदा टकटकलं तेव्हा सिद्धनाथ उठून दाराकडे धावला. तरी तो जात राहिला. आत जे दाटतंय त्याला नाव द्यायचं, श्वास लांब सोडायचा, मग तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने बघायची: त्या वाऱ्यात कुणालाही पत्राच वाटला असता. हळूहळू हात आवरू लागले.

यंदा आषाढात भरदुपारी धुकं उतरलं आणि थाप पडली. सिद्धनाथचे कान तापले. ही भीती हाय, तो स्वतःशी म्हणाला. श्वास सोडला, दार उघडलं. कुणीच नव्हतं. रस्ताही दिसत नव्हता. भासच तो, म्हणून तो वळला, तर पल्लवी पिठाचे हात आवळून उभी.

“मला बी ऐकू आलं,” ती म्हणाली. “पयल्यापास्नं येतंय. तुमाला तरास नको म्हनून बोलले न्हाई.”

तो दार उघडंच ठेवून आत आला. मग तिला चुलीपाशी बसवून म्हणाला, “आदी श्वास सोड. लांब.”

आता धुक्यात ढाब्याचं दार सताड उघडं असतं. गार वाटतं म्हणून गिऱ्हाइकं आत सरकतात. दाराजवळचा बाक रिकामाच राहतो. धुकं विरलं की पल्लवी तो पुसते. एका माणसापुरतीच जागा ओली असते.