पाठीची शिवण

माझा थोरला भाऊ शिंपी. जिवंत माणसांचे कपडे शिवून तो पोट भरतो आणि आमच्या चर्चमधलं कोणी गेलं की त्याचेही कपडे शिवतो. मयताच्या कोटाला पाठ नसते. पुढून कॉलर, बटणं सगळं जागच्या जागी, मागून उघडा. म्हणजे ताठरलेल्या हातांत बाह्या सरकवता येतात आणि कडा अंगाखाली दडपल्या की झालं. काजं मी करते. नवरा गेल्यापासून मी दादाकडेच आहे, तेव्हा त्याची जीभ त्याच्या कात्रीपेक्षा धारदार आहे हे मी अनुभवाने सांगते.

त्याच जिभेने घात केला. दादाचा पोरगा बेकार होता तेव्हा एकदा जेवताना दादा त्याला म्हणाला, "फुकटचं गिळतोस." पोराने हातातला घास ताटात ठेवला आणि उठला. पुढे गोदामात ओझी उचलून भाड्याच्या खोलीत राहू लागला, पण या घरचं पाणीसुद्धा त्याने घेतलं नाही. दादाला दुसऱ्याच दिवशी चुटपुट लागली होती. पण चुकलो असं तोंडाने म्हणेल तर शपथ! त्याने एक कोट शिवला, आतून अस्तर लावून, आणि पाठवून दिला. कोट घडी न मोडता परत आला. पोराने हट्ट कोणाचा उचलला होता ते वेगळं सांगायला नको.

हळूहळू तो चर्चलाही येईनासा झाला. वहिनीने कारण विचारलं तर म्हणाला, तिथेही फुकटचंच घ्यायचं ना?

गेल्या हिवाळ्यात गोदामातल्या शिडीवरून पडून तो गेला.

दादाने कपाटातून तोच कोट काढला. आम्ही तिघांनी खटपट केली, पण बाह्या काही चढेनात. शेवटी दादाने स्वतःच पाठीची शिवण उसवली, कोट चढवला आणि पोराला कुशीवर धरायला सांगितलं. मी खांदा धरला, वहिनीने कंबर. तो सुईत दोरा ओवून पाठ पुन्हा शिवायला बसला. बारीक टाके, एकाला एक लागून. खांद्यात कोट अगदी चोख बसला होता. ते बघून मला रडू आवरेना.

वहिनी म्हणाली, "आता कोण बघणार आहे?"

"उठेल तेव्हा सगळे बघतील," दादा म्हणाला. "चारचौघांत उघड्या पाठीने उभा राहील का तो?"

कबरीपाशी पाळकांनी धीर दिला. प्रभू मेलेल्यांतून उठला तसा हाही उठेल, म्हणाले. आत्म्याचं तारण कमवावं लागत नाही, ते देवाचं दान आहे, नुसता हात पुढे करायचा. लोकांनी माना डोलावल्या. दादाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

घरी आल्यावर तो मशीनपाशी जाऊन बसला. मी पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"कमवायचं असतं तर त्याने कमावलं असतं," तो म्हणाला. "कष्टाला कधी मागे हटला नाही. पण फुकट दिलेलं तो घेईल का? ते घेऊ नये हे मीच त्याला शिकवलं. उठेल गं तो. आणि पहिल्यांदा तो कोट काढून ठेवील."

मी पाण्याचा पेला त्याच्या हाताशी सरकवला.

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "आज घेतला ना त्याने कोट."

"त्याला विचारलं कुठे आपण?"

"मग तिथेही त्याला कोणी विचारू नये, एवढंच मागू या."

दादा रोज मोठ्याने प्रार्थना करतो, शेजाऱ्यांनाही पाठ झाली असेल. त्या दिवशी त्याने मान खाली घातली आणि ओठ हलवले. मी अगदी लागून बसले होते, पण मला एक शब्दही ऐकू आला नाही.