सात पदरांची मच्छरदाणी

आमच्या ह्यांना समुद्राचं वेड, आणि राहणार बडोद्यात! बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी, तिच्यात जिवंत प्रवाळं. शेजारच्या बेन हसायच्या, "पथ्थर पाळ्या छे!" शेजाऱ्यांकडे मोबाइल आले, आमच्याकडे बडोद्यातल्याच गोरवा भागातल्या एका कारखान्यात पत्रा वाकवून केलेला टाकीचा प्रखर दिवा आला.

जुन्या ट्यूबलाइटची सवय झालेल्या प्रवाळांना एकदम एवढा उजेड सोसत नाही. म्हणून ह्यांनी चांगली मच्छरदाणी फाडून टाकीवर तिचे सात पदर घातले. दर सोमवारी एकच काढायचा, दिवा दुपारी चार तासच लावायचा. कॅलेंडरवर पेन्सिलीने सोमवारच्या सात फुल्या केल्या. दोन पदर निघाले आणि ह्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. तिथेही तेच. "घाई करू नकोस गं. एका वेळी एकच." त्यानंतर आमचं काही बोलणं झालंच नाही.

मग तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं. ह्यांना जिथे ठेवलं होतं तिथे, टाकीसमोरच, समई तेवत होती. ह्यांच्या थोरल्या बहिणीला, डभोईहून आलेल्या वन्संना, टाकीवरचं ते मळकट जाळं बघवेना. "अगंबाई, माझ्या भावाच्या दिव्याशेजारी असा अंधार?" पाचही पदर ओढून काढले आणि टाकीचा दिवा लावला, तो दिवसरात्र. बिचारीनं मायेनंच केलं.

मी समोर भिंतीला टेकून बसले होते. चहा दिला की प्यायचा, ऊठ म्हटलं की उठायचं. रडूसुद्धा येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तपकिरी प्रवाळं फिकी पडली, दहाव्यापर्यंत पांढरीफटक. मला दिसत होतं. कळतही होतं. दिवा बंद करा, एवढंच म्हणायचं होतं. पण तोंड उघडायचा कंटाळा आला होता. हो, कंटाळाच. दुसरा शब्द मला आजवर सापडलेला नाही.

तेराव्यानंतर पाचही पदर परत घातले आणि फुल्या बघून एकेक काढत गेले. कसचं काय! मधले दोन सोमवार तसेच गेलेले, त्यामुळे फुल्या संपल्या तेव्हा दोन पदर शिल्लकच होते. टाकी रिकामी केली.

प्रवाळं त्या उजेडानेच मेली, हे वन्संना पुढे कोणीतरी सांगितलं. तेव्हापासून दर भेटीत त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. "अगं, त्याची एवढी हौस, माझ्या हातून मातीत गेली."

मी म्हणते, "तुम्हाला काय ठाऊक होतं, वन्सं?"

मला ठाऊक होतं, हे अजून त्यांना सांगितलेलं नाही.